लर्निंग लायसन्सवर मीटिओर ३५०: मागे माणूस बसवून शिकायला ही गाडी कशी आहे

रॉयल एनफिल्डची मीटिओर ३५०, स्टेलर व्हेरिएंट. २०२५ च्या दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत घेतली, तेव्हा माझ्याकडे गिअरच्या दुचाकीचं फक्त लर्निंग लायसन्स होतं. आता पक्कं झालंय आणि गाडी रोज रस्त्यावर असते. नागपुरात मानेवाड्याला माझं मेडिकल आहे. औषध घ्यायला येणाऱ्या बाया बाहेर उभी गाडी बघतात आणि हमखास विचारतात, "तुमचीच का ताई? लय भारी असंल ना?" भारी आहेच, १९१ किलो. तरी लर्निंगवर असताना हीच घ्या असं मी आज कोणालाही सांगेन, फक्त का सांगते ते नीट समजून घ्या.

आधी माझं सांगते, म्हणजे कुठे उभी राहून बोलते आहे ते कळेल. उंची पाच फूट दोन इंच. कॉलेजपासून स्कूटरच चालवली, त्यामुळे लायसन्स होतं ते बिनगिअरच्या दुचाकीचं. बाबांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे, तिकडे सारखं जाणं असतं. फेटरी, कळमेश्वर सोडलं आणि बाजूने भरलेला ट्रक सुसाट गेला की स्कूटर हलते. लहान चाकं खड्ड्यात पूर्ण बसतात आणि हँडल हाताला झटका देतं. मला मोठं चाक, वजन आणि चांगले ब्रेक हवे होते. हौस होतीच, पण गरजही तेवढीच होती.

या गाडीचे रिव्ह्यू भरपूर आहेत. सगळे एकट्याने हायवेवर पळवणाऱ्यांनी लिहिलेले. शिकाऊ माणसाला ती कशी पडते, हे कुणीच लिहीत नाही, आणि शिकाऊ माणसाची गोष्ट मुळातच वेगळी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ३ म्हणतो की लर्निंगवर गाडी चालवताना त्या प्रकारच्या गाडीचं पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा माणूस सोबत हवा, आणि तो गाडीवर ताबा ठेवू शकेल किंवा थांबवू शकेल अशा जागी बसलेला हवा. मोटरसायकलवर त्या शिकवणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणालाही बसवायचं नाही. म्हणजे आपण गाडी शिकतो ती एकटी-एकट्याने नाही, मागे पाऊणशे किलोचा माणूस घेऊन. शिकाऊ माणसाने गाडी निवडताना किती सीसी, किती पिकअप हे मागे ठेवून पहिला प्रश्न हा विचारावा: मागे माणूस बसला असताना ही गाडी मला उभी धरता येते का?

आमच्या घरात हा मागचा माणूस कोण, हाही प्रश्नच होता. नवऱ्याकडे कारचं लायसन्स आहे आणि दुचाकीचं माझ्यासारखंच बिनगिअरचं. तो मागे बसला असता तर सोबत झाली असती, नियम पाळला गेला नसता. गिअरच्या गाडीचं पक्कं लायसन्स होतं धाकट्या दिराकडे. तो कॉलेजपासून बुलेटवाला, त्यामुळे आनंदाने तयार झाला. तुमच्याकडे असा माणूस आहे का, तो संध्याकाळी तासभर खरंच मोकळा असतो का, हे गाडी बुक करायच्या आधी बघा. नाहीतर दोन लाखांची गाडी पोर्चमध्ये झाकून ठेवायची वेळ येते.

भारतात या बाबतीत कायदा उदार आहे. बऱ्याच देशांत नवशिक्याला ताकदीची मर्यादा असते. आधी छोटी गाडी, मग काही वर्षांनी मोठी. आपल्याकडे वय १८ पूर्ण झालं की गिअरच्या मोटरसायकलचं एकच लायसन्स. त्यात १०० सीसी पण येते आणि ६५० पण. गाडी नावावर करायला लायसन्स लागतही नाही, ते लागतं चालवायला. त्यामुळे लर्निंगवर काय घ्यावं, काय नाही, हे आपल्याला कोणी सांगत नाही. ते आपणच ठरवायचं.

शोरूममध्ये पहिली अडचण आली ती टेस्ट राइडची. टेस्ट राइड पक्क्या लायसन्सवरच मिळते. दिराने चालवून बघितली आणि त्याला ती आवडली, पण तो पाच फूट दहा इंच. त्याच्या मताचा मला काय उपयोग? मग मी चालवल्याशिवाय जे बघता येतं ते सगळं बघितलं. सीटवर बसून दोन्ही पाय टेकवले. साइड स्टँडवरून गाडी सरळ केली आणि परत टेकवली. गाडी न्यूट्रलला टाकून सीटवरूनच पायाने मागे ढकलली, कारण पार्किंगमधून काढताना हेच करावं लागतं. शोरूमच्या रॅम्पवर चढाकडे तोंड करून उभी केली आणि फक्त उजव्या पायाच्या ब्रेकवर धरून ठेवली. शेवटी दिराला मागे बसवलं आणि हे सगळं पुन्हा केलं. सेल्समन पोरगा आधी थोडा गोंधळला. मग त्याला कळलं आणि तो स्वतःहून बाकीची मॉडेल्स पुढे काढून देऊ लागला. "मॅडम, हे पण बसून बघा ना, घाई नाही काही." त्या पोराचं मला मनापासून कौतुक आहे.

क्लासिक ३५० दिसायला सगळ्यात देखणी, पण सीटची उंची ८०५ मिलिमीटर आणि वजन १९५ किलो. माझे फक्त चवडे टेकले, आणि दीर मागे बसताच पाय थरथरले. हंटर ३५० वजनाने हलकी, १८१ किलो, पण सीट ७९० मिलिमीटर. एकटीला ती छान जमली असती. होंडाची हायनेस सीबी ३५० सुद्धा दुसरीकडे जाऊन बघितली. तीही १८१ किलो, इंजिन अगदी मऊ, सीट ८००. मीटिओर वजनाने हंटरपेक्षा १० किलोने जास्त, पण सीट ७६५ मिलिमीटर. कागदावर हा अडीच सेंटिमीटरचा फरक काहीच वाटत नाही. प्रत्यक्षात माझे दोन्ही तळवे जवळजवळ पूर्ण जमिनीला लागले, आणि मागे माणूस बसल्यावरही गाडी माझ्या हातात राहिली. कमी उंचीच्या माणसाने वजनाच्या आकड्याला घाबरण्याआधी सीटचा आकडा बघावा. गाडी चालू असते तेव्हा वजन जाणवत नाही, ती उभी असते तेव्हा जाणवतं, आणि उभ्या गाडीला सांभाळतो तो जमिनीवरचा पाय.

स्टेलर घेण्याचं कारणही हेच. या व्हेरिएंटला मागच्या माणसासाठी पाठीचा टेका आहे. शिकाऊ हाताने क्लच सुटतो तेव्हा गाडी झटका खाते आणि मागचा माणूस मागे जातो. टेका असला की तो आपल्या खांद्याला पकडत नाही. खांद्याला कोणी पकडलं की हँडल वळतं, आणि तिथूनच गाडी आडवी व्हायला सुरुवात होते. शिकताना या टेक्याइतका उपयोग मला दुसऱ्या कुठल्याच अ‍ॅक्सेसरीचा झाला नाही.

पैशांचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि ३५० च्या वरच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. मीटिओरचं इंजिन ३४९ सीसीचं, म्हणून ती खालच्या गटात बसते. एक्स-शोरूम साधारण दोन लाखांच्या आसपास पडली. सक्तीच्या पाच वर्षांच्या थर्ड पार्टी विम्याचंही तसंच आहे. २०२२ साली ठरलेल्या दरांत १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये आणि ३५० च्या वर १५,११७ रुपये, जीएसटी वेगळा. लर्निंगवर असताना चारशेची गाडी घेऊ म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. गाडीची ताकद पहिले सहा महिने वापरताच येत नाही, पैसे मात्र पहिल्या दिवशी द्यावे लागतात.

बिलात एक ओळ 'हँडलिंग चार्जेस' अशी होती. ही रक्कम कोणत्या नियमाने घेता ते लेखी द्या म्हटलं, तेव्हा ती ओळ निघाली. तुम्हीही विचारा. आयएसआय मार्कचं हेल्मेट गाडीसोबत देण्याचा नियम आहे, तेही मागून घ्या.

विम्याचा कागद मात्र ओळ न ओळ वाचा, विशेषतः लर्निंगवर असाल तर. 'लर्निंगवाल्याला क्लेम मिळत नाही' असं सगळे ठासून सांगतात. ते खरं नाही. प्रमाणित पॉलिसीत ड्रायव्हर कोण असू शकतो याचं कलम असतं. त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की वैध लर्निंग लायसन्स असलेला माणूसही गाडी चालवू शकतो, मात्र त्याने नियम ३ पाळलेला असला पाहिजे. मालक-चालकाच्या १५ लाखांच्या अपघात विम्यातही लायसन्सची अट त्याच नियमाला जोडलेली आहे. म्हणजे मागे पक्क्या लायसन्सचा माणूस आणि पुढे-मागे एलची पाटी असेल, तर तुम्ही विम्याच्या आत आहात. 'कोपऱ्यापर्यंतच जाते' म्हणून एकट्याने गाडी काढली, की बाहेर. पोलिसांचा दंड एक वेळ भरून टाकता येतो. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला धक्का लागला आणि विमा कंपनीने हात वर केले, तर तो भार आयुष्यभराचा असतो. माझ्या दुकानात अपघाताच्या पेशंटचे नातेवाईक औषधांची चिठ्ठी घेऊन येतात. त्यांचे चेहरे मी रोज बघते, त्यामुळे या मुद्द्यावर मी कोणाचंही ऐकून घेत नाही. दिराला वेळ नसेल त्या दिवशी गाडी बाहेर निघाली नाही.

एलच्या पाटीबद्दलही लिहिते, कारण नागपुरात तीन-चार बोटांचे स्टिकर लावून फिरणारेच जास्त दिसतात. नियमात मापं दिली आहेत: पांढरी पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, त्यावर लाल एल किमान १० सेंटिमीटर उंच आणि त्याची जाडी २ सेंटिमीटर. रेडियमवाल्याला माप सांगितलं तर तो म्हणाला, "एवढा मोठा कोणीच लावत नाही ताई." मी म्हटलं, एवढाच कापा. मागची पाटी टेक्याच्या मागे मस्त बसली. पुढे अडचण होती, कारण गोल हेडलाइट झाकून चालत नाही. शेवटी पातळ अ‍ॅक्रिलिक शीटवर एल चिकटवून ती हेडलाइटच्या खाली, पुढच्या चाकाच्या फोर्कला केबल टायने बांधली. फायदा पहिल्याच आठवड्यात दिसला. सक्करदऱ्याच्या गर्दीत मागचे ऑटोवाले पाटी बघून अंतर ठेवायचे. एकाने तर सिग्नलला शेजारी थांबून सांगितलं, "घाबरू नका मॅडम, आरामात काढा." एवढ्या मोठ्या पाटीची कुणाला लाज वाटत असेल तर वाटू द्या. ती आपल्यासाठी रस्त्यावर जागा तयार करते.

आता गाडी चालवण्याकडे येते, खरं सांगायचं ते इथे आहे.

सुरुवात बेसा-बेलतरोडीकडच्या नव्या लेआऊटमध्ये केली. प्लॉट पडलेले, डांबरी रस्ते झालेले, घरं मोजकीच. नागपूरच्या कडेला असे लेआऊट चारही बाजूंनी आहेत, आणि शिकायला त्यांच्यासारखी जागा नाही. मीटिओरचं इंजिन २०.२ बीएचपीचं आहे. आकडा मोठा नाही, आणि शिकाऊ माणसासाठी ती चांगलीच गोष्ट आहे. महत्त्वाचा आकडा दुसरा: २७ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, तोही ४,००० आरपीएमला. १०० सीसीच्या स्प्लेंडरला तो ८ च्या आसपास असतो, आणि तिथे पोचायला इंजिन ६,००० पर्यंत फिरवावं लागतं. याचा अर्थ मला लेआऊटमध्ये कळला. पहिल्या गिअरमध्ये रेस न देता फक्त क्लच हळूहळू सोडला, तर दोन माणसांना घेऊन गाडी स्वतःहून चालायला लागते. बंद पडत नाही, आचके देत नाही. रेस किती आणि क्लच किती, हे दोन हातांचं गणित नव्या माणसाला सगळ्यात जास्त छळतं. इथे त्यातला एक हात पहिले काही दिवस मोकळाच राहतो. सप्टेंबर २०२५ च्या नव्या मीटिओरला स्लिप-असिस्ट क्लच आला, त्यामुळे लिव्हर हलका आहे. सीताबर्डीच्या संध्याकाळच्या गर्दीत तासभर क्लच दाबून-सोडूनही डावं मनगट दुखत नाही. जुनी, सेकंडहँड मीटिओर बघणार असाल तर क्लच आधी हाताने दाबून बघा, तिथे फरक कळेल.

गिअर बदलायला टाच-चवडा असा दुहेरी लिव्हर आहे. वरचा गिअर टाचेने दाबायचा. बुटाचा चवडा खालून घालून उचलायची कसरत नाही. पाय ठेवायची जागा मात्र पुढे आहे, आणि स्कूटरवरून येणाऱ्याला ती सवयीची वाटते. ज्याने आधी साधी मोटरसायकल चालवली आहे त्याला उलट अवघड जाईल. दिराचा पाय पहिले दोन दिवस मागेच शोधत होता.

सेमिनरी हिल्सचा चढ ही माझी खरी शाळा. चढावर मध्येच थांबायचं आणि मागे न घसरता परत निघायचं. हे जमेपर्यंत शहरात जायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं. डावा पाय जमिनीवर, उजवा मागच्या ब्रेकवर. पहिला गिअर. दीर मागून फक्त एवढंच म्हणायचा, "वहिनी, आवाज ऐका." क्लच हळू सोडत गेलं की एका जागी इंजिनाचा धडधड आवाज खोल होतो, हँडल किंचित थरथरतं, आणि गाडी पुढे निघायला ओढ घेते. तिथे बोटं थांबवायची. आता थोडी रेस, मग ब्रेक सोडायचा. गाडी इंचभरही मागे येत नाही. १९१ किलोची गाडी, दोन माणसं, समोर चढ, आणि तरी ती तिथे शांत उभी राहते. तो आवाज एकदा कानात बसला की लोखंडी पुलाखालच्या गर्दीत, मानस चौकात, कुठेही भीती राहत नाही. चढावर टायर थोडं मागे गेलं तरी पाय पूर्ण टेकलेला असतो, तिथे पुन्हा ती ७६५ ची सीट कामाला येते.

ब्रेकबद्दल मी फार समाधानी आहे. दोन्ही चाकांना डिस्क, दोन्हींना एबीएस. लेआऊटमध्ये वाळू पसरलेल्या रस्त्यावर मुद्दाम जोरात ब्रेक दाबून बघितला. पायाखाली कटकट असं जाणवतं, चाक लॉक होत नाही, गाडी सरळ थांबते. नवा माणूस घाबरला की दोन्ही ब्रेक एकदम दाबतोच. त्याला एबीएस नसलेली गाडी देऊ नये, बजेट कितीही कमी असो.

पहिले ५०० किलोमीटर नव्या इंजिनाला जपून चालवायचं असतं. पूर्ण रेस नाही, एकाच वेगात तासन् तास नाही, गिअर बदलत राहायचं. लर्निंगवाल्याला नेमकी हीच शिकवणी हवी असते, त्यामुळे शिकताना नवीच गाडी का घेतली असं विचारणाऱ्यांना मी हे सांगते. पहिली सर्व्हिस ५०० किलोमीटर किंवा ४५ दिवस, जे आधी होईल ते. संध्याकाळच्या तासभराच्या सरावाने किलोमीटर भराभर वाढत नाहीत. तेव्हा तारखेवर लक्ष ठेवा, मीटरवर नको.

मोठ्या रस्त्यावरचा सराव वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर केला. वर मेट्रो, खाली जुना रस्ता, मध्ये ३.१४ किलोमीटरचा सलग पूल, सिग्नल नाही. चौथा-पाचवा गिअर तिथेच पहिल्यांदा नीट टाकला. ७०-८० ला गाडी इतकी स्थिर असते की आरसे हलत नाहीत. पुढचं चाक १९ इंची आहे, आणि ज्यासाठी मी ही गाडी घेतली ते काम ते चोख करतं. कळमेश्वरच्या पुढे ट्रक शेजारून जातो, वाऱ्याचा धक्का अंगाला लागतो, गाडीची रेघ बदलत नाही. काही जण विचारतात समृद्धीवर नेली का? समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी आहे.

आता जे खटकतं ते. मागचं सस्पेन्शन कडक आहे. पाय पुढे असल्यामुळे खड्डा आला की स्कूटरसारखंच बसून राहावं लागतं, उभं राहून अंग वाचवता येत नाही, धक्का सरळ कमरेला. ज्यांना पाठीचा, मणक्याचा त्रास आहे त्यांनी घ्यायच्या आधी मागच्या किंवा पुढच्या सीटवरून अर्धा तास खराब रस्त्यावर फिरून बघावं. लांबी जास्त असल्याने गल्लीत एका दमात यू टर्न होत नाही. महालातल्या गल्ल्यांत मी आजही स्कूटरच नेते. इंजिन हवा आणि ऑइलवर थंड होतं. ऑक्टोबरच्या दुपारी मोठ्या सिग्नलला उजव्या पोटरीला ऊब लागते, आणि नागपूरच्या मे महिन्यात ती जास्तच लागणार. पातळ सलवारीऐवजी जीन्स आणि घोटा झाकणारे बूट घाला. ओढणी घरी ठेवा. अ‍ॅव्हरेज मला शहरात ३२-३३ चं मिळतं, काटोल रोडवर थोडं जास्त. टाकी १५ लिटरची आहे, त्यामुळे पंपावर सारखं जावं लागत नाही.

लर्निंग निघाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते, आणि लर्निंग सहा महिने चालतं. सगळ्यांचा एकच सल्ला: टेस्टला कोणाची तरी हलकी गाडी घेऊन जा. कायद्याने प्रकार एकच असल्यामुळे ते चालतंही. मी माझीच नेली. ज्या गाडीवर उद्यापासून एकटी फिरणार, त्याच गाडीवर मला परवानगी हवी होती. आठचा आकडा या गाडीवर काढता येतो, फक्त वेगाने नाही. पहिला गिअर, रेस स्थिर, वेग सगळा क्लचच्या बोटांनी आणि मागच्या हलक्या ब्रेकने सांभाळायचा. पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, कारण हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक लागला की एवढं वजन धरवत नाही. नजर पुढच्या चाकावर न ठेवता जिथे वळायचं तिथे. मान फिरली की गाडी आपोआप फिरते. पाय न टेकवता आठ पूर्ण झाला. मागे थांबलेल्या पोट्ट्यांपैकी एकाने टाळी वाजवली आणि मग बाकीच्यांनीही. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला, आजही वाटतो.

कोणी घेऊ नये? ज्यांच्याकडे मागे बसणारा पक्क्या लायसन्सचा माणूस नाही, त्यांनी लायसन्स होईपर्यंत थांबावं. ज्यांचं सगळं फिरणं गल्लीबोळात आहे, त्यांना स्कूटर किंवा सव्वाशेची गाडी पुरेशी आहे. ज्यांनी आयुष्यात कधी दुचाकीच चालवली नाही, तोल हाच प्रश्न आहे, त्यांनी एखादी हलकी गाडी महिनाभर चालवून मग यावं. स्कूटरवर तोल बसलेला आहे, अंगात घाई नाही, आणि उंचीमुळे मोठी गाडी आपल्यासाठी नाही असं ज्यांनी मनाशी धरून ठेवलंय, अशा बायकांनी मात्र एकदा जाऊन या सीटवर नक्की बसून बघावं. दहापैकी साडेआठ.

घेताना लेग गार्ड लावूनच गाडी बाहेर काढा. शिकताना गाडी उभ्या-उभ्या कलंडली तर टाकी आणि पाय दोन्ही तोच वाचवतो. माझ्या मते हा खर्च एलच्या पाटीइतकाच आवश्यक आहे. बाकी विंडस्क्रीन, वेगळे आरसे, सीट कव्हर हे सगळं लायसन्स पक्कं झाल्यावर सावकाश बघता येतं.